सोनेरी रेघांचा दगड

हरिप्रिया आईवडिलांबरोबर मुलगा बघायला अण्णा नगरला आली, तर कॉफी संपताच तो मुलगा, अनय, घरातलं खाऱ्या पाण्याचं नवं मत्स्यालय दाखवू लागला. मासे अजून यायचे होते. टाकीत ठेवायचे दगड वर्तमानपत्रावर मांडले होते. “हा येरकाडच्या डोंगरातून आणलाय,” सोनेरी रेघांचा दगड त्याने मिरवला. हरिप्रियाने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून दगडाला लावलं. लगेच चिकटलं. “यात लोखंड आहे. खाऱ्या पाण्यात गंजेल, मासे मरतील.” “अय्यो, हेही स्थळ गेलं!” तिची आई पुटपुटली. हरिप्रिया मात्र अनयचा चेहरा निरखत होती. चूक दाखवली की फुगणारे दोघे तिने नाकारले होते. अनयने दगड बाल्कनीत ठेवला आणि चुंबक तिच्याच हाती दिलं. “उरलेलेही तपासा. मी चकाकीला भुलतो.” बांगड्या मागे सारून ती जमिनीवर बसली. वडिलांनी अनयच्या आईला हाक मारली, “विहीणबाई, अजून केसरी शिरा वाढा!”