मागून सांगायचं नाव

"नवऱ्याचं नाव?" मतदान केंद्रातल्या साहेबानं विचारलं, आणि बायकांची रांग हसायला लागली.

इंदिराबाईनं पदर तोंडाशी धरला. "साहेब, तुम्हनी बायको तुम्हनं नाव लेस का?"

साहेब जळगावचा. तरणा मास्तर, पहिल्यांदाच या कामावर आलेला. तो लाजला. इंदिराबाईच्या मागे बेबाबाई उभी होती. तिनं सांगितलं, "जीवराम." साहेबानं यादीवर खूण केली.

सकाळपासून असंच चाललं होतं. पुढचीच्या नवऱ्याचं नाव मागचीनं सांगायचं. बायकोनं घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे गावात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. फक्त कुंदाबाईनं मागे पाहिलं नव्हतं. "रुपचंद," ती स्वतःच म्हणाली होती. रुपचंदला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता बेबाबाईची पाळी. तिच्या मागे सासू, मंदाबाई. बासष्टच्या निवडणुकीतही दोघी अशाच उभ्या होत्या. तेव्हा पुरुषांच्या रांगेतून बेबाबाईचा नवरा धनसिंग ओरडला होता, "ओ माय, मनं नाव जोरमा सांग!" तो फौजेतून सुटीवर आला होता. दोन्ही रांगा हसल्या होत्या.

पासष्टच्या लढाईनंतर सरकारी कागद आला. धनसिंग बेपत्ता. मंदाबाईनं कागद देवाच्या फळीवर ठेवला. "बेपत्ता म्हणजे मेला नही," ती म्हणाली. त्यानंतर घरात कोणाला रडू दिलं नाही. प्रत्येक सणाला कासारीण बोलावून सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. धुळ्याहून बेबाबाईचा भाऊ तिला न्यायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. "तिना धनी येवाना शे. तो काय रिकामं घर पाहीन?"

काल संध्याकाळी तोताराम आला होता. धनसिंगच्याच तुकडीतला. लढाईत पाय गेला, वर्षभर पुण्याच्या इस्पितळात होता. बेबाबाई नदीवरून पाणी घेऊन आली तेव्हा तो निघालाच होता. त्यानं तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. कुबडी टेकत गेला.

"काय म्हणे तोताराम?" तिनं विचारलं.

"काही नही. भेटाले उना व्हता."

मंदाबाई जेवली नाही. सकाळी मात्र तिनंच बेबाबाईची वेणी घातली. बराच वेळ घातली. दोनदा सोडली आणि पुन्हा घातली.

"बेबाबाई," साहेबानं यादीवर बोट ठेवलं. "नवऱ्याचं नाव?"

बेबाबाई सवयीनं गप्प राहिली. मागून आवाज आला नाही. साहेबानं पुन्हा विचारलं.

"मंदाअक्का, उभी उभी झोपनी का वं?" रांगेतून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

बेबाबाई न वळताच म्हणाली, "सांगा ना, माय."

मंदाबाईचा हात सुनेच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

"आते तूच ले, पोरी," ती म्हणाली. "आते त्याले काही व्हणार नही."