उजवा कान

महाराजांचे ओठ उजव्या कानाशी हलले आणि थांबले. थोरल्या शिष्याला ऐकू आला तो फक्त दाराबाहेरचा धाकट्या गुरुबंधूचा खोकला.

परंपरेचा मंत्र गुरूने अंथरुणाला खिळल्यावर द्यायचा, उजव्या कानात, आणि एकदाच. ज्याला मंत्र, त्याची गादी. त्यासाठीच तर त्याने जन्मभर या माणसाचे पाय चेपले होते, शिव्या गिळल्या होत्या.

"महाराज, पुन्हा एकदा सांगावं. डाव्या कानात."

"डाव्या कानात सांगायला ही काय शेजारणीची चहाडी आहे?"

थोरल्याचा तोल सुटला. "उजवा कान तुमच्याच थपडेनं गेलाय! पाठ चुकला म्हणून मारली होतीत. तेव्हाही मी हूं की चूं केलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? आणि तरी त्याच कानात?"

"माझा तरी कुठे धड होता?" महाराज कुत्सितपणे हसले. "मलाही पाठच चुकल्याबद्दल बसली होती."

"मग आत्ता काय पुटपुटलात?"

"ओठ हलवले. माझ्या गुरूंनी हलवले होते, तसेच."

थोरल्याने भिंतीकडे पाहिले. तसबिरींतल्या साऱ्या गुरूंची मान उजवीकडे वळलेली, डावा कान किंचित पुढे. भक्त तिला करुणामुद्रा म्हणत. तिच्यावर त्याने स्वतः प्रवचने झोडली होती.

"हलकट म्हातारा!" तो म्हणाला.

"मंत्र नाही मिळाला म्हणून सांगून टाक बाहेर. धाकटा टपलेलाच आहे."

थोरल्याने बाहेर येऊन मागे दार ओढून घेतले. दालन खच्चून भरले होते. उजव्या बाजूला उभ्या असलेल्या धाकट्याने काहीतरी विचारले. त्या गलबल्यात शब्द पोहोचले नाहीत. सवयीने थोरल्याने मान वळवून डावा कान पुढे केला.

"मंत्र मिळाला, की आलात हात हलवत?"

त्याने तोंड उघडण्यापूर्वीच पुढच्या रांगेतल्या म्हातारीने हात जोडले. "बघा गं बायांनो! हुबेहूब महाराजांची मुद्रा!"

माथी पटापट टेकू लागली. थोरल्याने एकवार मागच्या बंद दाराकडे पाहिले.

"मिळाला," तो म्हणाला.

सगळ्यांत शेवटी धाकटा दातओठ खात पायांशी वाकला. त्याचा उजवा कान आता अगदी हाताशी आला होता.