लहान झुरळाचा पत्ता

डॉक्टरांनी नवऱ्याचं गोड बंद करायला सांगितल्यापासून लंकाबाईंनी कोल्हारच्या आपल्या घरात पेढ्याचा कणसुद्धा राहू दिला नव्हता. त्यांचे यजमान, निवृत्त गोरक्ष गुरुजी, रोज संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवत. "शंका आली की विचारायची, लाजायचं नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य.

आज समोर काचेच्या दोन बरण्या होत्या. एकीत गुरुजींनी मोरीत धरलेलं मोठं तांबूस झुरळ, दुसरीत चौथीतल्या आरतीनं मघाशी पकडून आणलेलं लहानसं पिवळट.

"या मोठ्याला ओल लागते, म्हणून ते मोरीत राहतं," गुरुजी रंगात आले होते. "आणि याच्या मानेमागं दोन काळ्या रेघा दिसतात ना? हे लबाड खाण्याची जागा सोडत नाही. हे जिथं सापडेल, तिथं जवळपास खाऊ आहेच म्हणून समजा!"

"पन गुरुजी," आरतीनं हात वर केला, "ह्ये तर मला तुमच्या पुस्तकांच्या कपाटात घावलं. तितं कोन खातंय?"

चाळीस वर्षं शिकवल्यावर गुरुजींना पहिल्यांदाच वाटलं, की प्रत्येक शंका विचारलीच पाहिजे असं काही नाही. त्यांनी घाईघाईनं पाढे म्हणायला घेतले.

 

तेवढ्यात कपाटातल्या जाडजूड शब्दकोशामागचा खोका हातात घेऊन लंकाबाई ओट्यावर आल्या, "पोरांनो, तुमचे गुरुजी शिकवत्यात ते अगदी खरं हाय बरं का! घ्या, एकेक पेढा घ्या."