बंद न पडता

तोंडवलीच्या घरात दुपारच्या शांततेत खवणीची खरखर सुरू झाली आणि उर्वशीला जाग आली. पाहते तर खवणीवर तीच बसली होती. आपण कधी उठलो, नारळ कधी फोडला, काही केल्या आठवेना.

सकाळी ऐरोलीहून नवऱ्याचा, सुदेशचा, फोन आला होता. "रजा मेळाक नाय गो. सर्व्हरचा फर्मवेअर बदलूचा आसा. एक मशीन बंद करूच्या आधी तेचा काम दुसऱ्यार घालतंव. भायर कोणाक कळणा नाय."

"मशीनाक बदली मेळता. तुझ्या पोरीच्या तापात मी रातभर जागतंय, माका खंय मेळता रे?"

तो नुसता हसला. फोन आपटून ती लेकीशेजारी जरा आडवी झाली होती. एवढंच आठवत होतं.

आता आकांक्षाचा ताप उतरला होता. वेणी घातलेली, पेजेची वाटी चाटूनपुसून रिकामी.

"खवू नको गो, आवाज येता," ती कुजबुजली. "आय निजली आसा."

उर्वशीने खोलीत डोकावलं. चटईवर, तिचीच साडी नेसून, भिंतीकडे तोंड करून कोणीतरी गाढ झोपलं होतं.

आकांक्षाने तिचा खोबऱ्याने माखलेला हात मायेने धरला.

"ती उठल्यार तू खंय जातलंस?"