तुझे चिरंजीव

“काइंडली सेंड युवर सन होम,” लाँड्रीवाले चौथ्यांदा म्हणाले, आणि मुलीने चौथ्यांदा मान हलवली.

“युवर नाही, बाबा. माय. युवर म्हणजे त्या बाईंचा.”

“तेच म्हणालो ना.”

“नाही म्हणालात.”

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. अकरा वाजता परदेशातल्या कचेरीतून एका बाईंचा फोन यायचा होता. मुलगा तिकडे बंदरात क्रेन चालवायचा. मंगळवारी क्रेनवरून पडला आणि गेला. आता त्याला घरी पाठवायचं की तिकडेच सगळं उरकायचं, हे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असा त्यांचा नियम. बहिणीने बोललेलं चालत नाही, आणि त्या बाईंना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

मुलगी शाळेत शिकवायची. कपडे बांधायच्या खाकी कागदावर तिने चार वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. गुड मॉर्निंग, मॅडम. ही इज माय सन. काइंडली सेंड माय सन होम. थँक यू फॉर युवर हेल्प. प्रेत, मृतदेह असले शब्द तिने शोधून काढले होते, पण लिहिले नव्हते. वर्गात मुलं चुकली की ती पटकन ओरडायची. आज तिचा आवाजच चढत नव्हता.

लाँड्रीवाल्यांचं इंग्रजी काउंटरपुरतं. युवर कोट, सर. युवर पडदे रेडी, मॅडम. तेवढ्यावर चाळीस वर्षं त्यांचं कुठे काही अडलं नाही. दुसऱ्याचे कपडे धुवायचे, दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्यात ‘माय’ म्हणायची वेळ येतेच कशाला.

पण अडत होतं ते तेवढ्यामुळेच नव्हे. मुलीला ते माहीत होतं, आणि मागे स्टुलावर बसलेल्या तिच्या आईलाही. ‘मी दुसऱ्यांचे डाग काढत आयुष्य काढणार नाही’ असं सांगून पोरगा दुकानाची पायरी उतरला, त्या दिवसापासून या घरात तो ‘तुझे चिरंजीव’ होता. तसं हे घरोघरी चालतं. पोरगा पहिला आला की बापाचा, नापास झाला की आईचा. चार दिवसांत राग ओसरतो आणि पोरगा पुन्हा दोघांचा होतो. इथे सहा वर्षं झाली तरी ओसरला नाही. दर रविवारी फोन वाजला की लाँड्रीवाले नंबर बघायचे आणि तो बायकोपुढे धरायचे. “घे. तुझे चिरंजीव.” मग उगाच काहीतरी इस्त्रीला घ्यायचे. एकदा तर धुतलेलं फडकं घेतलं होतं.

“परत म्हणा,” मुलगी म्हणाली.

“काइंडली सेंड,” ते म्हणाले आणि थांबले. कागद डोळ्यांपुढेच होता. “माय सन होम.”

“हां. असंच.”

अकराला दोन मिनिटं असताना फोन आला. लाँड्रीवाले उठून उभे राहिले, गिऱ्हाईक आल्यावर राहतात तसे, आणि त्यांनी गळ्याजवळचं बटण लावलं. तिकडची बाई भराभर आणि फार मऊ आवाजात बोलत होती. आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस, असं काहीतरी. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने शेवटच्या वाक्याच्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

“थँक यू,” ते म्हणाले. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं वाचलं. “ही इज माय सन. काइंडली सेंड माय सन होम.”

बाईंना नीट ऐकू गेलं नाही. सॉरी, सर, पुन्हा सांगाल का?

“माय सन,” ते मोठ्याने म्हणाले. “सेंड माय सन होम.”

या वेळी बाईंना कळलं. त्यांनी तसं सांगितलंही. पण लाँड्रीवाले थांबेनात. कागद त्यांनी खाली ठेवला होता. “माय सन, मॅडम. माय सन. माय सन.” शेवटी मुलीने फोन हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला, बाईंचे आभार मानले, तारीख लिहून घेतली. गुरुवारी सकाळी येईल, ती म्हणाली. जणू सुट्टीवरच येणार होता.

लाँड्रीवाले धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर ते कधी कुणाला बसू देत नसत.

“काय म्हणाले?” आईने मुलीला विचारलं.

“माझा मुलगा आहे, त्याला घरी पाठवा म्हणाले.”

आई स्टुलावरून उठून गाठोड्याजवळ आली. मग नवऱ्याकडे बघून बोलली, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

“मी त्याला फोनवर सांगायचे. बाबा दुकानात येईल त्याला सांगतात, माझा मुलगा एवढी मोठी क्रेन चालवतो म्हणून.”

लाँड्रीवाल्यांनी वर पाहिलं. असं ते कधीच कुणाला म्हणाले नव्हते.

“त्याला खरं वाटायचं?”

“हसायचा,” ती म्हणाली. “आणि विचारायचा, मग फोनवर का येत नाहीत?”