मराठीसाठी सात

"ताई, ही मुलगी तरी जमेल ना?" शुभदाबाईंनी विचारलं.

सावनीने लगेच उत्तर दिलं नाही. ग्राहक जितका वेळ लाईनवर, तितकी कंपनीची कमाई. ट्रेनिंगमध्ये हेच घोटून घेतलं होतं. तिने उगाच कागदांची सळसळ केली आणि मग म्हणाली, "हिच्या सप्तमात शनी आहे. नको."

पलीकडून उसासा आला. सावनीला तो गोड लागला.

मोबाईल कंपनीने ही ज्योतिष लाईन नवीनच काढली होती. हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी सात. लखनौच्या त्या कॉल सेंटरात मराठी येणारी एकटी सावनी, त्यामुळे सात दाबणारा जो तो तिच्याच पदरात पडायचा. लाईनवर तिचं नाव वसुधाताई. शुभदाबाई लखनौतल्याच वृंदावन योजना वसाहतीतल्या घरातून फोन करायच्या आणि समजायच्या, आपण पुण्याच्या कुणा विदुषीशी बोलतोय.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. आपल्या हृषीकेशसाठी त्या आलमबागला सावनीच्या घरी तिला बघायला आल्या होत्या, तेव्हा ती सवयीने हिंदीतच बोलली होती. सगळं ठरलं, सावनीच्या आईने नातेवाइकांना कळवलंही, आणि मग शुभदाबाईंनी निरोप धाडला: मुलीला कडक मंगळ आहे. हृषीकेश एवढा शास्त्रज्ञ, महिनाभर सावनीशी फोनवर गुलुगुलू बोललेला. पण आईपुढे त्याने ब्र काढला नाही. सावनीच्या आईने लाजेने मराठी मंडळात जाणं सोडलं, ते सोडलंच.

म्हणून शुभदाबाईंचा पहिला फोन आला आणि मुलाच्या जन्मवेळेवरून ओळख पटली, तेव्हाच सावनीने ठरवलं. या घरात कुणालाच सून म्हणून येऊ द्यायचं नाही. कानपूरची झाली, नागपूरची झाली, बँकेतली झाली, डॉक्टर झाली. कुणाला शनी आडवा आला, कुणाला राहू. ग्रहांनी एकदा तिचं वाटोळं केलं होतं. आता ते तिच्या हाताखाली राबत होते.

"तेरी ये वाली आंटी लाईन छोड़ती ही नहीं," सुपरवायझर संग्राम कौतुकाने म्हणायचा. "क्या खिलाती है यार?"

त्या दुपारी मात्र शुभदाबाईंचा आवाज वेगळा होता.

"ताई, या वेळी मुलगी मी नाही शोधली. हृषीकेशच म्हणाला. ताट बाजूला सारून म्हणाला, करीन तर हिच्याशीच, नाहीतर लग्नच नको. बाबांचंही ऐकत नाही. मी थकले हो. तुम्ही नुसतं हो म्हणा, उद्याच जाऊन पदर पसरते."

सावनीच्या अंगाची लाही लाही झाली. तिच्या वेळी दातखीळ बसलेला हा माणूस आता दुसऱ्या कुणासाठी आईशी भांडत होता.

"पत्रिका वाचून दाखवू?" शुभदाबाईंनी विचारलं.

"काही गरज नाही. मला स्पष्ट दिसतंय. ही घरात आली तर मुलगा तुमच्या हातचा जाईल. त्याला तुमच्या गळ्याची शपथ घाला."

"शपथ घातली की तो मोडायचा नाही, ताई."

"म्हणूनच घाला."

"घालते." त्यांनी नाक ओढलं. "मीच एकदा मंगळाचं कारण काढून तिला नाकारलं होतं. वाटलं होतं, आता तिच्या आईचे पाय धरावेत. पण नाहीच नशिबात बिचाऱ्या सावनीच्या."