हातावरून ओळख

बाळांनो, गुलमंडीतल्या एका बांगड्यांच्या दुकानात आपण बसलोय, अशी कल्पना करा. कोणत्या बाईला कोणतं माप बसतं, हे इथल्या चंपाआजींना तोंडपाठ असायचं. अलीकडे मात्र त्या विसरू लागल्या होत्या. म्हणून त्यांचा मुलगा प्रणय गिऱ्हाइकांची माहिती साठवायला डेटाबेस निवडत होता. डेटाबेस विकायला आलेल्या विक्रेत्याने लॅपटॉपवर दोन दाखवले.

"ह्यात नावावरून गिऱ्हाईक सापडतं, ह्यात मोबाइल नंबरावरून. आजी, तुम्ही कशावरून ओळखता?"

"हातावरून," आजी म्हणाल्या. "हात हातात आला की बाई कोण ते कळतंय. नाव कशाला लागतं?"

"मग आजीच बऱ्या, प्रणयभाऊ. आमच्याकडं असलं कायच नाय!" विक्रेता म्हणाला.

सगळे हसले. तेवढ्यात प्रणयची मुलगी रूपा शाळेतून आली. आजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तू कुणाची गं, बाई?"

प्रणयने लॅपटॉपवरची नजर काढून आईकडे पाहिलं.

"दोन्हीतला कोणताही द्या," प्रणय विक्रेत्याला हळूच म्हणाला, "पण आजच द्या."

रूपाने दप्तर खाली ठेवलं, ती आजीसमोर बसली आणि तिने आपला हात आजीच्या हातात दिला.